सोम्या घरीच राहिला

आता माझ्याकडे लोक येतात. गाडी खाली डांबरी रस्त्याला लावतात, शेणातून पाय उचलत उचलत गोठ्यापर्यंत पोचतात आणि मोबाईल तोंडासमोर धरून विचारतात, "मावशी, या डांगी जनावरांची आवड तुम्हाला कशी लागली?" पहिल्यांदा मी बुजायचे, आता सरावले आहे. "आबांमुळे," असं म्हणते. मग जनावरांच्या कातडीतून पाझरणाऱ्या तेलाबद्दल सांगते, काळ्या टणक खुरांबद्दल सांगते आणि जवळच्या एखाद्या गाईच्या मानेवरून हात फिरवते, कारण फोटोसाठी त्यांना तेच हवं असतं. मंडळी खूश होऊन जातात. जाताना कुणीतरी लोणावळ्याच्या चिक्कीचा पुडा माझ्या हातात ठेवतं, जणू मीच मुंबईहून आले आहे. "आबांमुळे" हे उत्तर खोटं नाही, पण ते अर्धं आहे. अर्धं उत्तर इतकी वर्षं देत राहिलं की ते पाठ होतं आणि बोचायचं थांबतं. माझे वडील, आबा गेले, आई गेली, भाऊ दत्तादादाही गेला. ते दिवस बघितलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे, म्हणून राहिलेलं अर्धं इथे लिहून ठेवते.

आमचं घर लोणावळ्याजवळच्या औंढे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराला पाठ लावून होतं. एकाच छपराखाली एकीकडे आम्ही, दुसरीकडे जनावरं आणि मध्ये कमरेइतका शेणाने सारवलेला कूड. आई चुलीपुढे बसली की त्या कुडावरून गवळण नावाच्या आमच्या गाईचं तोंड आत यायचं. आई तिला "व्हय तिकडं" म्हणून दटावायची आणि दटावता दटावता पहिली भाकरी तिच्याच तोंडात द्यायची. मग आम्ही दुसऱ्या भाकरीची वाट बघायची. पावसाळ्यात नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, कधी ओढ्यातले काळे खेकडे; हिवाळ्यात नव्या आंबेमोहोराचा भात आणि वालाची आमटी. भात रटरटायला लागला की त्याचा वास गोठ्यात जायचा आणि गोठ्यातला वास आमच्याकडे यायचा, आणि आम्हाला दोन्हींत काही वावगं वाटायचं नाही. निजताना कानाशी रवंथाचा आवाज असायचा, एकसारखा, सावकाश. लग्न होऊन मी खालच्या आळीत गेले तेव्हा सासरचा गोठा घरापासून पन्नास पावलं लांब होता. पहिले आठ दिवस मला झोप नव्हती. शेवटी नवऱ्याने कंटाळून खाट गोठ्यालगतच्या पडवीत टाकली, आणि गावाने आमची यथेच्छ चेष्टा केली. ती खाट अजून तिथेच आहे.

आमच्या मावळात पाऊस चार महिने मुक्काम ठोकतो. भाताची खाचरं गुडघ्याएवढ्या चिखलाने भरतात आणि त्या चिखलात दिवसभर नांगर आणि चिखल सारखा करायची आळवट ओढायची तर सगळ्याच जनावरांना ते झेपत नाही. देशावरून आणलेला देखणा बैल दोन पावसांत खुरांनी बसतो. डांगी बसत नाही. पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके, आखूड शिंगं, पुढे आलेलं कपाळ, दिसायला काही फार राजबिंडा नव्हे. पण त्याच्या अंगातून तेल सुटतं आणि पाऊस त्यावरून ओघळून जातो. आबांची एक सवय होती. भर पावसात चरून आलेल्या जनावराच्या गळ्याखालच्या लोंबत्या पोळीवर ते तळवा घासायचे आणि तो तळवा माझ्या नाकाशी धरायचे. ओल्या घोंगडीचा आणि तिळाचा मिळून असावा तसा तो वास. "ज्याच्या अंगावर पानी टिकतं त्ये आपलं न्हाई," असं ते म्हणायचे. शाळेत मला गणित यायचं नाही, पण डोळे मिटून नुसत्या तळव्याच्या वासावरून गाय कोणती ते मी सांगायचे. आबांना याचं फार कौतुक होतं. पाहुण्यांपुढे ते माझी परीक्षा घ्यायचे आणि माझं उत्तर बरोबर आलं की पाहुण्यांना चहा दुसऱ्यांदा मिळायचा.

तो काळ संकरित गाईंचा होता. लोणावळ्याच्या गुरांच्या दवाखान्यातून साहेब यायचे आणि जर्सीच्या बीजाने गाई टोचून द्यायचे. वासरू जर्सीच्या रंगाचं व्हायचं आणि पुढे बादलीभर दूध द्यायचं. आमच्या गवळणीचं दूध तांब्याभर, तेही तिची मर्जी असली तर. दत्तादादा लोणावळ्यात रेल्वेच्या कामावर होता. तो रविवारी घरी आला की आबांना सांगायचा, "आबा, सोडा आता ह्यो नाद, गाई टोचून घ्या." आबा चिडायचे नाहीत. शेजारच्या सखाभाऊंची जर्सी श्रावणात खुरांनी लंगडायला लागली तेव्हा आबाच रोज जाऊन तिच्या खुरांत हळद आणि करंजाचं तेल भरायचे. सखाभाऊ लाजून गेले होते. आबा त्यांना म्हणाले, "तिचा काय दोष, तिला असला चिखल कुनी दावला व्हता?" गाय कुठलीही असो, तिच्याविषयी वाईट बोललेलं त्यांना खपत नसे. माणसांविषयी मात्र बोलायचे, आणि चांगलं खरपूस बोलायचे.

आता वळूचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे वळू भैरोबाच्या नावाने सोडायची रीत होती. चांगल्या गाईचा एक खोंड निवडायचा, त्याला हळद-कुंकू लावायचं, मागच्या मांडीवर त्रिशूळाचा डाग द्यायचा आणि सोडून द्यायचं. त्याच्या नाकात वेसण नाही, मानेवर जू नाही. तो तीन वाड्यांचा, म्हणजे खरं तर कुणाचाच नाही. ज्याच्या घरी जन्मला त्यानेसुद्धा त्याला पुन्हा दारात बांधायचं नाही, देवाचं जनावर बांधलं तर घराला दोष लागतो. आमच्या वेळचा वळू आमच्याच गोठ्यात जन्मलेला, गवळणीचा थोरला भाऊ. आम्ही त्याला म्हातारा म्हणायचो. गावातल्या सगळ्या ठिपकेदार गाई त्याच्यापासून व्यायलेल्या. पण कुणाच्या खाचरात तोंड घातलं की तेच लोक त्याच्या पाठीत काठी घालायचे. एकदा कुणीतरी कोयता फेकून मारला. मांडीवरच्या त्रिशूळाखाली हातभर जखम झाली आणि तिच्यात किडे पडले.

त्या आषाढात म्हातारा आमच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायचं नाही हे त्याला कळत होतं की काय कोण जाणे, उंबऱ्याशी पुढचे पाय टेकून तो नुसता उभा होता आणि पाऊस कोसळत होता. मी आबांना म्हटलं, याला आत घेऊ. आबा म्हणाले, देवाचा आहे, दावं लावायचं नाही. मग ते डोक्यावर इरलं घेऊन बाहेर गेले, त्याची जखम धुतली, काखेतला पेंढा मूठमूठ करून त्याला भरवला. घटकाभर ते त्याच्याबरोबर पावसात उभे होते. पण आत घेतलं नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची असेन. मला एवढंच दिसलं की कुडाच्या अलीकडे त्याची बहीण कोरड्या जागी बसून माझ्या हातची भाकरी खाते आहे आणि तो बाहेर आहे. श्रावणात तो ओढ्याच्या कड्यावरून घसरून पडला आणि गेला. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते गोठ्यात येऊन सोम्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता ह्यो."

सोम्या गवळणीचा खोंड. सोमवारी जन्मला म्हणून सोम्या. तो झाला तेव्हा गवळणीची कास सुजली होती, म्हणून मी त्याला बोटं चोखायला देऊन वाटीने दूध पाजलं होतं. त्या वर्षी चीक कमी निघाला, तरी आईने माझ्यापुरता खरवस केला होता, "तू त्याची दुसरी आई म्हनून." पांढऱ्या अंगावर मोजके काळे ठिपके होते आणि एक ठिपका डाव्या डोळ्याच्या वर, कपाळावर, बोट टेकवल्यासारखा. मी जिभेने टक्‌टक्‌ केलं की कुठूनही यायचा. त्याच्याच वयाचा आमच्याकडे आणखी एक खोंड होता, बुध्या, बुधवारचा. त्याची आई चाकणच्या बाजारातून आणलेली. बुध्याही ठिपकेदार, अंगाने सोम्यापेक्षा भरलेला, पण पावसातून आला की त्याचे केस ओले राहायचे आणि आबांच्या तळव्याला त्याचा वास यायचा नाही. बुध्याला खच्ची करून बैल करायचा आणि सोम्याला भैरोबाला सोडायचा, हे ठरलं.

गावात दुसरा अस्सल वळू राहिला नव्हता. सोम्या सोडला नाही तर आमच्या गाई एकतर भाकड राहणार नाहीतर टोचून घ्याव्या लागणार, आणि दोन-तीन वेतांत आमच्या घरातली ठिपक्यांची जनावरं संपणार. हे आबा रोज कुणाला तरी सांगत, आणि मी ते ऐकत असे. मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण मला सोम्याच्या मांडीवरचा त्रिशूळ दिसत होता आणि त्याच्याखाली हातभर जखम दिसत होती. बैल झाला तर तो आपल्या दावणीला राहील, आपल्या छपराखाली निजेल, पोळ्याला आपल्या दारात पुरणाची पोळी खाईल. वळू झाला तर गावाचा मार खाईल आणि पावसात उंबऱ्याबाहेर उभा राहील. चौदा वर्षांच्या डोक्यात याच्यापुढे काही जात नव्हतं. आता सत्तरीला टेकले तरी त्या मुलीचं मला पूर्ण चुकलं असं म्हणवत नाही. माझ्या नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, तू त्याला वाचवलंस." तसंही नाही.

भात झोडून झालं होतं, थंडी पडली होती. खच्ची करायला, आमच्या बोलीत बडवायला, हेच दिवस बरे, जखमेला माश्या बसत नाहीत. आमच्या वेळी तर जखमही होत नसे. साहेबांकडे मोठा लोखंडी चिमटा असायचा, त्याने वरून दाबलं की आतली शीर तुटायची, रक्ताचा थेंब नाही. साहेब यायचे होते नेमक्या त्याच दिवशी आबांना वडगावला कचेरीत जावं लागलं. निघताना त्यांनी मला अंगणात बोलावलं. आईला नाही, मला. म्हणाले, "साहेब आलं तर बुध्याला दावायचा. सोम्याला हात लावू द्यायचा न्हाई. तुला जनावर कळतं, म्हनून तुला सांगतोय." मी मान हलवली. आई खळ्यावर भात वारवायला गेली. मी दोन्ही खोंडांना वैरण टाकली आणि अंगणात बसून राहिले. काय करायचं हे मी ठरवलेलं नव्हतं, हे अगदी खरं सांगते. साहेबांची सायकल पायवाटेवर दिसली तेव्हाच माझ्या हातांनी सोम्याचं दावं सोडलं आणि त्याला अंगणात आणलं.

साहेब भले होते. त्यांनी पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर पिशवीतून चिमटा काढला आणि सोम्याकडे बघून म्हणाले, "जनावर चांगलं आहे गं. हाच ना?" बुध्या पलीकडे बांधलेला होता, वैरण खात होता.

"व्हय, ह्योच," मी म्हणाले.

खालच्या घरातले दोघे धरायला आले. सोम्याचं तोंड मी धरलं. कट् असा आवाज दोनदा आला, सुपारी फोडल्यासारखा. सोम्याचे मागचे पाय वाकले आणि तो एकदाच ओरडला, आणि मग माझ्या काखेत तोंड खुपसून उभा राहिला, कारण दुखलं की माझ्याकडे यायचं हे त्याला वाटीने दूध पाजायच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तेव्हा मला कळलं की मी काय केलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, दोन दिवस शेक द्यायला सांगितलं आणि सायकल घेऊन गेले.

दिवे लागायच्या वेळेला आबा आले. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, कुडाशी आले आणि थांबले. सोम्या मागचे पाय फाकून उभा होता. आबा आत गेले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, खाली वाकून बघितलं आणि तिथेच शेणात बसले. आई म्हणाली, अगं बाई, त्या मेल्याने भलताच बडवला. मी चुलीत फाटी सारत राहिले. त्या रात्रीची वालाची आमटी कुणीच खाल्ली नाही. आबांनी गूळ-तूप कालवून सोम्याला भरवलं. दुसऱ्या दिवशी ते लोणावळ्याला साहेबाकडे जायला निघाले, तेव्हा आई त्यांना सांगत होती की चांगली खडसावा त्याला, वरच्या साहेबाकडे जा, नोकरी गेली पाहिजे त्याची. मी कुडाच्या मागे उभी होते. धावत जाऊन सांगावं असं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते. दुपारी आबा परत आले आणि आईला एवढंच म्हणाले, "माझ्याच सांगन्यात घोळ झाला. त्याचा काय दोष न्हाई." आई बराच वेळ बडबडत राहिली. मला वाटलं, सुटले. लाज वाटते लिहायला, पण असंच वाटलं.

पुढचे तीन आठवडे मी सोम्याला शेकत होते, चारत होते, आणि आबांच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. एका सकाळी ते म्हणाले, "सुमे, भाकरी बांध. वळू आनायला जायाचंय." अंदर मावळाच्या पलीकडे, भीमाशंकराच्या अंगाला, कोंडाजीबाबा म्हणून एक म्हातारा डांगी जनावरं राखून होता, असं त्यांनी ऐकलं होतं. आई म्हणाली, एवढ्या लांब पोरीला कशाला नेता? आबा म्हणाले, "तिला जनावर कळतं." मला मारलं असतं तर परवडलं असतं.

वळू विकत मिळत नाही, बदलीवर मिळतो, म्हणून गवळणीची धाकटी कालवड चांदी आम्ही बरोबर घेतली होती. तिघे तीन दिवस चाललो. नाचणीची भाकरी, लसणाची चटणी, वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर मुक्काम. आबा रस्ताभर मजेत होते, प्रत्येक गोठ्यापाशी थांबून चौकशी करत होते, कुठल्या गाईला कुठला आजार, कुणाचा बैल मारका. मी माझी अर्धी भाकरी चांदीलाच भरवत होते. चांदी माझ्या मागे मागे येत होती. ती सोम्याची बहीण. मी केलेल्या चुकीपायी तिला परक्याच्या घरी सोडून यायचं होतं.

कोंडाजीबाबाचा कळप डोंगरउतारावरून खाली येताना बघितला आणि मी चांदीसुद्धा विसरले. चाळीसएक जनावरं असतील, काळी, तांबडी, पांढरी, सगळी ठिपक्यांची, एकाच्याही खुराला चीर नाही. कोंडाजीबाबा वाळकुडा, कमरेला लंगोटी, खांद्यावर घोंगडी. त्याने चांदीच्या गळ्याखाली तळवा घासला आणि नाकाशी धरला. आबांसारखाच. तिच्यावर तो खूश झाला. एक वर्षभराचा काळाकबरा खोंडही त्याने दाखवला. सौदा जमला असं वाटत असतानाच त्याने विचारलं की तुमच्याकडचा वळू गेला कुठे, एक मेला तर घरात दुसरा असतोच. आबा म्हणाले, होता, चुकून बडवला गेला. मी घरी नव्हतो, चूक माझीच.

कोंडाजीबाबा घोंगडी सावरून उभा राहिला. म्हणाला, "मंग माजा बी तू घरात नसताना जाईल. हयगय करनाऱ्याला मी जनावर देत न्हाई. ऱ्हावा, जेवा, आन् सकाळी जावा."

आबांनी चांदीचं दावं नुसतं हातात घेतलं. तीन दिवस चालून आलेला माणूस, आयुष्यात एका जनावराची हयगय न केलेला, आणि त्याला एक परका म्हातारा तोंडावर हयगय करणारा म्हणत होता. ते मला सहन झालं नाही.

"आबांनी हयगय न्हाई केली," मी म्हणाले. "त्यांनी मला बजावून सांगितलं व्हतं. मी सोम्याला दावला. चुकून न्हाई, जानून."

कोंडाजीबाबाने विचारलं, का गं? मग मी सगळं सांगितलं. म्हातारा वळू, कोयत्याची जखम, किडे, उंबरा, पाऊस. सांगता सांगता रडू फुटलं आणि आबांकडे वळून मी म्हणाले, "तुमी त्याला आत घेतलं न्हाई. माझ्या सोम्याला बी घेतलं नसतं."

आबांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. त्यावर राग नव्हता, आश्चर्यसुद्धा नव्हतं. ते म्हणाले, "तू दावलास त्ये ठावं हाय मला. साहेबानं दुसऱ्याच दिशी सांगितलं. का दावलास, त्ये ठावं नव्हतं."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू बोलशील म्हनून थांबलो व्हतो."

कोंडाजीबाबाने घरात हाक मारून चहा टाकायला सांगितलं. चहा येईपर्यंत तो आबांना म्हणाला की आमच्याकडे वळू सोडत नाहीत, गोठ्यात बांधतात आणि गाव त्याला वैरण देतं. तुमच्याकडे सोडतात हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. इतकी वर्षं आबांना आणि मला दोघांनाही हे सुचलं नव्हतं. मी वळूचा बैल केला, पण वळू घरातही राहू शकतो हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आबांच्याही नाही, कारण रीत म्हणजे रीत. मग कोंडाजीबाबाने काळ्याकबऱ्या खोंडाचं दावं सोडून आणलं, आबांकडे करता करता हात वळवला आणि ते माझ्या हातात दिलं.

"बांधून ठेवायचा. आन् हिनं सांभाळायचा," तो म्हणाला. "येकाला घरात ठेवायला जिनं येवढं केलं, ती ह्याला उपाशी न्हाई ठेवायची."

चांदीला कोंडाजीबाबाच्या कळपात सोडून आम्ही परत निघालो. दुसऱ्या दिवशी एका ओढ्यावर भाकरी खाताना आबा अचानक म्हणाले की त्या आषाढात म्हाताऱ्या वळूला भरवताना ते सगळा वेळ रडत होते, पावसात कुणाला दिसलं नाही एवढंच. मी त्यांच्या भाकरीवर माझ्या वाटणीची चटणी वाढली. यापलीकडे आमच्यात त्या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

गावात आल्यावर भैरोबाच्या देवळापुढे मंडळी जमली. नवा वळू सोडणार नाही, आमच्या दारात बांधणार, हे आबांनी सांगितल्यावर कुरकुर झाली. देवाचं जनावर माणसाच्या दारात बांधायचं म्हणजे काय, असं सखाभाऊंनीच विचारलं. आबा म्हणाले, "मंग देव काय मानसाच्या दाराबाहेर ऱ्हातो व्हय?" शेवटी वळूकडे गाय घेऊन येणाऱ्याने पेंढ्याचा एक भारा आणायचा, असं ठरलं. ती रीत अजून चालू आहे. आता लोक गाय आणि भारा टेम्पोत घालून आणतात, पार नवलाख उंबरे गावापासून येतात. कंपनीत नोकरी करणारी पोरं, गळ्यात कार्ड तसंच, दावं धरून उभी राहतात. माझ्या गोठ्यात आज जी जनावरं आहेत ती सगळी कोंडाजीबाबाच्या त्या काळ्याकबऱ्यापासूनची. लग्नात आबांनी मला भांडी कमी दिली आणि तो वळू दिला. सासरच्यांनी तोंडं वाकडी केली, पण पेंढा मात्र ठेवून घेतला.

सोम्या घरीच राहिला. मला हवं होतं तसंच. दुसऱ्याच महिन्यात बुध्यालाही खच्ची केलं आणि दोघांची जोडी झाली. पुढे बुध्या थकला तरी सोम्या चिखलात उतरत राहिला. दर पोळ्याला त्याने पुरणाची पोळी खाल्ली. मी जिभेने टक्‌टक्‌ केलं की जू मानेवर घ्यायला तो आपणहून मान पुढे करायचा. त्याने माझ्यावर कधी राग धरला नाही. जनावरं धरत नाहीत, असं लोक म्हणतात. म्हातारा होऊन माहेरी, आमच्या छपराखाली, कोरड्या जागी, माझ्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला, आणि तेव्हा मी त्याची माफी मागितली, मोठ्याने, नवऱ्यादेखत.

आता दवाखान्यातून एक तरुण डॉक्टरीणबाई येतात. चिमटा तसलाच आहे. खोंड बांधलेला असतो, त्या विचारतात, "मावशी, हाच ना?" मी लगेच उत्तर देत नाही. पुढे होऊन त्याच्या गळ्याखाली तळवा घासते, वास घेते, मगच हो म्हणते. त्यांना वाटतं म्हातारीला विसरायला होतं. त्यांना मी काही सांगत नाही. गवळणीच्या वंशातल्या गाई माझ्याकडे अजून आहेत, दरवर्षी एखादी-दुसरी वितेच. वासरू जमिनीवर आलं की घरातली सगळी कालवड आहे की खोंड ते बघतात. मी पदराने त्याचं कपाळ पुसते आणि डाव्या डोळ्याच्या वर, सोम्याला ठिपका होता तिथे बघते. तिथे ठिपका अजून आलेला नाही.